मॅडोना, अत्तर आणि अरणगाव

नगरहून दौंड रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अरणगावाजवळचं मेहेराबाद येतं. दौंड-मनमाड लोहमार्गाने त्याचे दोन भाग केले आहेत. रुळांच्या एका बाजूला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि तिच्यावर मौनी गुरू मेहेरबाबांची समाधी. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, इथे जगभरातून बाबाप्रेमी येतात, त्यामुळे नगरकरांना गोऱ्या माणसांचं अप्रूप राहिलेलं नाही. १९३८ मध्ये ते नक्कीच होतं. त्या साली टेकडीवर मुक्कामाला आलेल्या पाश्चात्त्य स्त्रियांमध्ये एक जण अशी होती, जिला पाहायला पंचवीसेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये गर्दी लोटत असे. आश्रमात तिला नोरिना म्हणत. रंगभूमीवर तिचं नाव होतं मारिया कार्मी.

तिचा जन्म फ्लोरेन्सचा, १८८० चा. माहेरचं आडनाव गिल्ली. जर्मन कवी-नाटककार कार्ल फोलमोलरशी १९०४ मध्ये लग्न झालं, मग बर्लिनला जाऊन मॅक्स राइनहार्टच्या हाताखाली तिने अभिनयाचे धडे घेतले. राइनहार्ट हे त्या काळच्या युरोपीय रंगभूमीवरचं सर्वांत मोठं नाव. फोलमोलरने लिहिलेलं ‘द मिरॅकल’ त्याने डिसेंबर १९११ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात उभं केलं. त्यासाठी त्या अवाढव्य सभागृहाचंच कॅथीड्रल करून टाकलं, संगीत हुम्परडिंकचं घेतलं आणि दोन हजारांच्या आसपास माणसं वावरायला लावली. या सगळ्या डामडौलात संवाद मात्र जवळजवळ नाहीत, कारण हे मूकनाट्य होतं.

गोष्ट अशी: एक तरुण जोगीण मोहात पडून मठातून पळून जाते. मग देव्हाऱ्यातली मेरीमातेची मूर्ती चौथऱ्यावरून खाली उतरते, पळालेल्या जोगिणीची वस्त्रं अंगावर चढवते आणि ती परत येईपर्यंत तिची सगळी कामं करत राहते. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटायचं कारण नाही. जनीचं जातं ओढणारा विठ्ठल, एकनाथांच्या घरी कावडी वाहणारा श्रीखंड्या, दामाजीपंतांची रसद भरणारा विठू महार, सगळे याच कुळातले.

मेरीमातेची, म्हणजे मॅडोनाची, ही भूमिका मारिया कार्मीने केली. बराच वेळ दगडी मूर्तीसारखं निश्चल उभं राहायचं, आणि मग डोळ्यांत, बोटांत, मानेत हळूहळू जीव आणायचा. बोलायला एक अक्षर नाही. १९१२ मध्ये याच नाटकाचा चित्रपट निघाला, त्यातही मॅडोना तीच. पुढच्याच वर्षी आपल्याकडे फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं, हे आठवलं म्हणजे दोन जगांमधलं अंतर कळतं. पुढे तिने इटली आणि जर्मनीत अनेक मूकपट केले. त्यांतला ‘स्पेरदूती नेल बुइओ’ (१९१४) इटालियन समीक्षक आजही वास्तववादी चित्रपटांचा पूर्वज मानतात. मानतात एवढंच, कारण त्याची प्रत दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रोममधून नेली ती परत सापडलीच नाही.

पहिल्या महायुद्धाने तिचं सगळंच बदललं. फोलमोलरशी काडीमोड झाला आणि तिने जॉर्जियाचा सरदार जॉर्ज माचाबेली याच्याशी लग्न केलं. युद्धानंतर जॉर्जिया काही काळ स्वतंत्र होता, तेव्हा तो इटलीत त्या देशाचा प्रतिनिधी होता. १९२१ मध्ये लाल सेना जॉर्जियात घुसली आणि राजदूत राहिला, देश गेला. राजपुत्राची पदवी घेऊन हे जोडपं न्यूयॉर्कला पोचलं. १९२४ मध्ये ‘द मिरॅकल’ तिथे आलं तेव्हा मॅडोनाची भूमिका मारिया कार्मी आणि इंग्लंडची नटी लेडी डायना यांनी आलटून पालटून केली. पहिल्या प्रयोगाचा मान कुणाचा, यावरून वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल एवढा धुरळा उडाला. मेरीमाता होण्यासाठी दोन नट्यांनी भांडावं यात गंमत आहेच.

पोटापाण्यासाठी नवरा-बायकोने मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या कलावस्तूंचं दुकान काढलं. जॉर्जला अत्तरं बनवण्याचा नाद होता. ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी तो मिश्रणं करून देई, त्यांतून ‘प्रिन्स माचाबेली’ ही कंपनी उभी राहिली. तिची कुपी नोरिनाने ठरवली: माचाबेली घराण्याच्या मुकुटाच्या आकाराची, आणि बुचावर क्रूस. गेलेल्या राज्याचा मुकुट अमेरिकन बायकांच्या आरशापुढे जाऊन बसला. सुरुवातीच्या अत्तरांत एक ‘प्रिन्सेस नोरिना’ होतं, एक ‘आवे मारिया’. मला विचाराल तर या बाईच्या नाट्यदृष्टीचा सर्वांत टिकाऊ नमुना ही कुपीच. नाटकं विरली, काही चित्रपट हरवले, पण मुकुटाच्या कुप्या संग्राहक अजून जपून ठेवतात.

१९३१ मध्ये मेहेरबाबा पहिल्यांदा पश्चिमेला गेले. ज्या ‘राजपुताना’ बोटीने गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले होते, तिच्यातच तेही होते. पुण्यात जन्मलेल्या या इराणी पारशी गुरूंनी १० जुलै १९२५ रोजी मेहेराबादला मौन धरलं होतं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. तेव्हा ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत. पुढे पाटीही सोडली, नुसत्या खुणा उरल्या. त्या पहिल्या अमेरिका भेटीत नोरिना त्यांना भेटली आणि त्यांचीच झाली. १९३३ मध्ये माचाबेलीशीही घटस्फोट झाला. १९३५ मध्ये जॉर्ज वारला आणि पुढच्या वर्षी कंपनी अडीच लाख डॉलरांना विकली गेली.

हावभावांवर नाव कमावलेल्या नटीला खुणांनी बोलणारा गुरू भावला, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. बाबांकडे आल्यावर ती गप्प बसली नाही. ती बोलू लागली, आणि फार बोलू लागली. बाबांच्या जीवनदृष्टीवर चित्रपट काढायच्या खटपटीत ती पुढे होती. पटकथेला माजी नवरा फोलमोलर, जो ‘ब्लू एंजल’च्या लेखकांपैकी एक होता, आणि निर्मितीला गॅब्रिएल पास्कल. हाच पास्कल पुढे शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा निर्माता झाला, ज्या नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ बेतलं. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या पटकथांवर नाव असलेला गॅरेट फोर्टही १९३६-३७ च्या सुमारास बाबांच्या नाशिकच्या आश्रमात येऊन राहिला. एवढी मातब्बर मंडळी जमूनही चित्रपट झाला नाही.

मेहेराबाद मुळात पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचं उरलेलं बांधकाम. टेकडीवरची पाण्याची टाकीसुद्धा लष्कराची, तिचीच खोल्यांची इमारत झाली. १९३८ मध्ये नोरिना इथे राहायला आली, तेव्हा ऑलिंपियाचं कॅथीड्रल पाहिलेल्या या बाईला हा माळ, हे ऊन आणि आश्रमाची शिस्त कशी वाटली असेल! सोबतीला टॉल्स्टॉयची सून नादीन होती. स्विस चित्रकार हेलन डाम हिने त्याच वर्षी समाधीच्या आतल्या भिंती आणि घुमट रंगवला, ती चित्रं आजही तिथे दिसतात. नोव्हेंबर १९३८ पासून नगरहून ‘मेहेर बाबा जर्नल’ हे इंग्रजी मासिक निघू लागलं, त्याच्या संपादनात नोरिना होती. बाबांनी स्त्रियांच्या मंडळाला निळ्या बसमधून देशभर हिंडवलं, तेव्हा चाकावर तिची अमेरिकन मैत्रीण एलिझाबेथ पॅटरसन असे. ही बस आता पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला आहे.

दुसऱ्या महायुद्धात नगरमध्ये इंग्रजांनी जर्मन नागरिकांना शत्रू म्हणून तारेच्या कुंपणाआड डांबलं. गावाबाहेर काही मैलांवर युरोपातल्याच या बायका स्वखुशीने आश्रमाचे नियम पाळत होत्या. नगरच्या इतिहासात किल्ला, निजामशाही आणि नेहरूंचा तुरुंगवास यांना पानंच्या पानं मिळतात. या योगायोगाला एखादी ओळ द्यायला हरकत नव्हती.

१९४१ मध्ये बाबांनी नोरिना आणि एलिझाबेथला अमेरिकेत केंद्रासाठी जागा शोधायला पाठवलं. साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला एलिझाबेथच्या वडिलांची जमीन मिळाली, सुमारे ५०० एकर. तिथले रस्ते, झोपड्या हा भाग एलिझाबेथ बघे. नोरिना न्यूयॉर्कमध्ये भाषणं देई. मौनी गुरूचे विचार आपल्या तोंडून बाहेर येतात, असा तिचा दावा होता आणि तो सगळ्यांनाच पटे असं नाही. १९५२ मध्ये बाबा त्या केंद्रात पोचले. १९५७ मध्ये नोरिना गेली. तोपर्यंत कंपनी दुसऱ्यांच्या हातात जाऊन ‘विंड साँग’ नावाचं नवं अत्तर विकू लागली होती, मुकुटाच्याच कुपीत.