निरगाठ, सुरगाठ आणि दाव्याचे कडे

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या भीमेकडील अंगाचे गाव. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. या पट्ट्यात उसाचे पीक मोठे आणि पुष्कळ घरांच्या अंगणात एखादी गाय, म्हैस वा शेळी बांधलेली. अशा गावातील मूल शाळेत येण्यापूर्वीच दोरीस हात लावून आलेले असते. त्याने वासराचे दावे सोडलेले असते, चाऱ्याचा भारा आवळलेला असतो, दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्यास गाठ मारलेली असते. दोरी त्याच्या नित्य परिचयाची आहे. तथापि तीस नीट गाठ मारण्याचे शिक्षण त्यास क्वचितच कोणी देते. पाहून जे जमले तेवढ्यावर काम भागविले जाते आणि एखाद्या रात्री त्याची किंमत वासरास मोजावी लागते.

गाठीविषयीची मूळ दृष्टी मराठी भाषेतच आहे. ओढली असता अधिकच घट्ट होणारी व सहजासहजी न सुटणारी ती निरगाठ. टोक ओढताच मोकळी होणारी ती सुरगाठ. या दोन शब्दांत गाठीच्या दोन्ही कसोट्या आल्या. काम चालू असेतोवर ती टिकली पाहिजे आणि काम संपताच ती सुटली पाहिजे. जी गाठ विळ्याने कापावी लागते ती बांधणाऱ्याने अर्धवटच शिकलेली असते, कारण कापलेली दोरी पुढच्या कामास आखूड पडते.

गाठ टिकते ती घर्षणामुळे. दोरीचा एक पदर दुसऱ्यावर दाबला जातो आणि ओढ जितकी वाढते तितका दाबही वाढतो. हे तत्त्व मुलांस दाखविण्यास फळ्याची गरज नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोणत्याही फडावर ते दिसते. कामगार उसाची मोळी बांधण्यास विकतची दोरी वापरीत नाहीत, उसाचेच वाढे वापरतात. वाढ्यांचे झुबके पिळून लांबविले जातात, मोळीभोवती घेतले जातात आणि टोकांचा पीळ बंधाखाली खोचला जातो. खरी गाठ अशी त्यात नसतेच. केवळ पीळ आणि दाब यांवर मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत जाते. गवताची पेंढी ज्या बंधाने बांधतात त्यास आळा म्हणतात. एखाद्या गोष्टीस आळा घालणे हा नित्याचा शब्दप्रयोग याच बंधाची आठवण देतो. हंगामापुरते शाळेत दाखल झालेले ऊसतोड कामगारांचे मूल वाचनात मागे असेल, परंतु मोळी कशी बांधतात हे सांगण्यास वर्गात त्याच्याइतका अधिकारी दुसरा कोणी नसतो. चतुर शिक्षक त्या दिवशी त्यास पुढे बोलावील.

प्रारंभ सपाट गाठीपासून करावा. बालवीर पथकात हिलाच रीफ नॉट म्हणतात. दोन्ही हातांत दोन टोके धरून उजवे टोक डाव्यावरून घेऊन खालून काढावे. आता हातांतील टोकांची अदलाबदल झालेली असते. दुसऱ्या वेळी डाव्या हातातील टोक उजव्यावरून घेऊन तसेच काढावे आणि ओढावे. गाठ सपाट बसते व टोके दोरीला लागून राहतात. पुष्कळ मुले दोन्ही वेळा उजवेच टोक वर घेतात. मग गाठ वाकडी होते, टोके आडवी बाहेर येतात आणि ओढ पडताच ती घसरते किंवा आवळून बसते. बुटाच्या नाडीचे फूल ही या सपाट गाठीचीच सुरगाठ होय. फूल पावलावर आडवे न बसता बोटे ते घोटा असे उभे बसत असेल, तर गाठ वाकडी झाली असे समजावे. दिवसातून चार वेळा नाडी सुटणाऱ्या मुलाचा दोष बहुधा एवढाच असतो.

एका हाताच्या फरकाने इतका बदल का व्हावा, याचे उत्तर पुष्कळ काळ केवळ अनुभवाचे होते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील शास्त्रज्ञांनी ताण पडताच रंग बदलणारे तंतू वापरून गाठींचा अभ्यास केला व तो 2020 साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गाठ आवळताना दोरीचा पदर एका छेदापाशी एका दिशेने आणि लगतच्या छेदापाशी उलट दिशेने पिळला जात असेल, तर ते पीळ परस्परांस विरोध करतात व गाठ धरून राहते. दोन्ही ठिकाणी पीळ एकाच दिशेचा असेल तर पदर घरंगळतो. सपाट गाठीत पहिला प्रकार घडतो, वाकड्या गाठीत दुसरा.

मात्र सपाट गाठ गठ्ठा किंवा जखमेवरील पट्टी बांधण्यापुरतीच योग्य आहे. दोन दोर जोडून त्यांवर भार टाकण्यास ती कधीही वापरू नये. एक टोक झटक्याने ओढले गेले की ती उलटून सुटते. क्लिफर्ड ॲशले या अमेरिकन लेखकाने 1944 साली गाठींचा जो प्रचंड कोश प्रसिद्ध केला, त्यातही या गैरवापराविषयी कडक इशारा आहे. जोडण्यासाठी विणकराची गाठ घ्यावी. जाड दोराचे टोक दुमडून त्याचा वाक हातात धरावा. बारीक दोरीचे टोक त्या वाकातून खालून वर काढावे, दोन्ही पदरांच्या मागून फिरवावे आणि बारीक दोरीच्याच खाली दाबून ओढावे. तुटलेला धागा मागावर जोडताना विणकर हीच रचना करतो आणि हाताने विणलेल्या मासळीच्या जाळ्यात घरांच्या कोपऱ्यांवरही बहुधा हीच गाठ असते. वर्ध्याच्या 1937 सालच्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योगाच्या शाळांतून टकळी आली. त्या टकळीवर सूत तुटले की मुलांची बोटे जे काम करीत, तेही याच जातीचे होते.

आता दाव्याकडे वळावे, कारण येथे चूक केवळ गैरसोयीची राहत नाही. दाव्यास दोन टोके असतात, एक खुंट्याकडचे आणि एक गळ्याकडचे. खुंट्यास दोन पूर्ण वेढे घेऊन टोकाने ताणलेल्या दोरीवर दोन अर्धगाठी माराव्यात. भार वेढ्यांवर पडतो आणि अर्धगाठी फक्त टोक सांभाळतात. खुंट्याची म्हणून जी गाठ बालवीरांस शिकवितात, तिच्यात एक वेढा घेऊन टोक तिरपे नेतात, दुसरा वेढा घेऊन टोक त्या तिरप्या भागाखालून काढतात. तंबूच्या बांबूस ती उत्तम आहे. परंतु जनावर खुंट्याभोवती फिरत राहिले की ती सैल होते. यास्तव गोठ्यात तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

गळ्याकडे सरकता फास कदापि असू नये. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले तरी चालेल. सरकता फास शांत जनावरावर निरुपद्रवी दिसतो. परंतु रात्री कुत्र्यांनी हल्ला केला, वीज कडाडली, अथवा उसातून बिबट्या गोठ्याजवळ आला, की वासरू हिसके देते आणि प्रत्येक हिसक्यासरशी फास आवळत जातो. एकदा आवळलेला फास आपण होऊन सैल पडत नाही. सकाळी मालकास जे दिसते त्यास तो बिबट्यास दोष देतो, क्वचित नशिबास देतो.

गळ्यासाठी न सरकणारे कडे हवे. दोरीच्या लांब भागावर, टोकाकडील पदर वर येईल असा, लहान वळसा करावा. हे बीळ. त्यापुढील लांब दोरी हे झाड. टोक म्हणजे उंदीर. उंदीर बिळातून खालून वर येतो, झाडाच्या मागून फिरतो आणि पुन्हा बिळात उतरतो. मग टोक व कडे एका हाती आणि लांब दोरी दुसऱ्या हाती धरून आवळावे. टोक वीतभर शिल्लक ठेवावे. कडे इतके असावे की गळा आणि दोरी यांमध्ये चार बोटे सहज जातील, पण डोके मागे निसटणार नाही. वासरू वाढते, दोरी वाढत नाही, म्हणून दर पंधरवड्यास बोटे घालून पाहावे. पाण्यात पडलेल्या माणसास काढतानाही काखेखालून हेच कडे बांधतात, कारण भार पडूनही ते छाती आवळत नाही. भार गेल्यावर सहसा ते सुटतेही. मुलांनी मात्र विहिरीत उतरण्याचा वा कोणास उतरविण्याचा प्रयोग मुळीच करू नये. त्यांचे काम मोठ्यांस हाक मारण्याचे.

खुंट्याकडील शेवटची अर्धगाठ टोक दुमडून मारली म्हणजे ती सुरगाठ होते. भीमेला पूर आला किंवा गोठ्यास आग लागली, तर जनावरे सोडण्यास क्षणच मिळतात आणि ओल्या, फुगलेल्या निरगाठीशी अंधारात झगडण्यात ते जातात. एखादी खोडकर गाय दोरी चघळून सुरगाठ ओढते हे खरे. तिच्यासाठी दुमडलेला पदर खुंट्याच्या मागील बाजूस, तिच्या तोंडापासून दूर ठेवावा.

पूर्वी दावी व कासरे घायपात, अंबाडी, ताग यांचे असत. बलुतेदारीच्या काळात हे दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे. कोणता पेड किती पिळावा याचे सूक्ष्म ज्ञान त्यात होते, आणि गाव त्या ज्ञानावर जगत असूनही त्यास मान देत नव्हते. दोर वळू शकणारी एखादी वृद्ध व्यक्ती आजही गावात असल्यास तिला शाळेत पाहुणी म्हणून बोलवावे आणि गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसवावे. कोणाच्याही मुलास जातीमुळे हे येत असेल असे गृहीत धरून मात्र पुढे करू नये.

आता बाजारात रंगीत दोरी मिळते. नायलॉन म्हणून विकली जाणारी यांतील बरीच पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची असते. ती कुजत नाही, पण तिचे अंग गुळगुळीत असल्याने सुंभास पुरणारी गाठ तिच्यावर घसरते. अशा दोरीस एक वेढा आणि एक अर्धगाठ अधिक द्यावी, टोक लांब ठेवावे आणि गाठ हाताने दाबून बसवावी. उन्हाने हिचे तंतू ठिसूळ होतात. हात लावताच भुकटी सुटू लागली तर ती दोरी दाव्यास वापरू नये.

वर्गात यासाठी प्रत्येक मुलामागे दोन हात लांबीची, करंगळीएवढी जाड सुती दोरी पुरेशी आहे. कार्यानुभवाच्या तासात एका आठवड्यास एकच गाठ घ्यावी. शिक्षकाने मुलांसमोर उभे न राहता त्यांच्या शेजारी बसून दाखवावे, अन्यथा उजवे-डावे उलट दिसते आणि निम्मा वर्ग वाकडी गाठ शिकतो. सराव बाकाच्या पायावर, खिडकीच्या गजावर किंवा पाण्याने भरलेल्या बादलीवर घ्यावा. स्वतःच्या किंवा सोबत्याच्या गळ्यात दोरी घालणाऱ्या मुलाची दोरी तत्काळ काढून घ्यावी व कारण सर्वांसमक्ष सांगावे. कासरा मनगटास गुंडाळून बैल धरण्याची सवयही याच वेळी मोडावी. बैल बुजला तर गुंडाळलेला हात सुटत नाही आणि मूल फरपटत जाते. कासरा मुठीत धरावा, वेढा देऊ नये.

डोळे मिटून कडे बांधता येऊ लागले की मुलास घरच्या गोठ्यातील दावे पाहून येण्यास सांगावे. ते आपण होऊन बदलू नये, घरच्यांस दाखवावे. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सरकते फास किती घरी आढळले आणि त्यांपैकी किती सुटले, एवढे विचारून वहीत लिहून ठेवावे.