होडी घेताना आधी तळ पाहा

ईसापूर धरणात जाळे टाकणाऱ्याला सपाट तळाची होडी पुरते. ती उथळ पाण्यातही चालते. पण आपल्याकडचा कुणी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात भागीदारीत बोट घेणार असेल, तर हिशेब बदलतो. खोल समुद्रात 'व्ही' आकाराचा तळ लाट कापतो, आदळआपट कमी होते. मात्र तेवढ्याच वेगासाठी इंजिन मोठे लागते, डिझेल जास्त जळते. उभी बोट डुलतेही अधिक.

पैसा बेताचा असेल तर जुनी घ्यावी, पण नव्या रंगाला भुलू नये. फायबरवर हातोडी हलकेच ठोकावी. बद्द आवाज आला तर थर सुटले किंवा पाणी मुरले असावे. सौदा पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलैदरम्यान करावा. बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, तळ उघडा दिसतो. कर्जाचा हप्ता ठरवताना हे दोन महिने बिनकमाईचे धरावेत.