नाव पहिल्याच दिवशी

शिंगरू जन्मलं की लगेच नाव ठेवायचं नाही, असा दंडक मी घोडी पाळायला लागलो तेव्हा तापीकाठच्या जुन्या घोडेवाल्यांकडून ऐकला होता. आधी तीन महिने निघू द्यायचे. हगवण, ताप, गोमाशा, पहिला पाऊस या सगळ्याला शिंगरू पुरून उरलं की मग बारसं. "आधीच जीव लावून बसशील भाऊ, मग उठवणार नाही तुला," असं एका जाणत्या माणसाने मला सांगितलं होतं. त्याच्या बोलण्यात शहाणपण होतं आणि सोसलेलं दुःखही होतं. गेल्या दीड दशकात माझ्या दावणीला जन्मलेल्या, वाढलेल्या, विकलेल्या आणि पुरलेल्या शिंगरांचा मागोवा घेताना मात्र माझं मत पक्कं झालं आहे. नाव पहिल्याच दिवशी ठेवावं.

आमच्यासारख्यांचं घोडेपालन म्हणजे गोठ्यात दोन-तीन मारवाडी घोड्या, शेजारी बैलजोडी आणि विहिरीजवळ लसूणघासाचा तुकडा. वळू घोडा स्वतःचा नसतो. घोडी माजावर आली की चांगल्या वाणाच्या घोड्याकडे न्यायची, पैसे मोजायचे, आणि ती गाभण राहिली तर अकरा महिने वाट बघायची. गाय-म्हैस व्याली की दुधावर घर तरी चालतं. घोडीकडून वर्षाला फार तर एक शिंगरू, आणि ते गेलं तर सबंध वर्ष गेलं. मोठ्या स्टड फार्मवर रात्रपाळीचे मोतद्दार असतात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. आमच्याकडे खाट, बॅटरी आणि जागरण. घोडी बहुधा रात्रीच विते.

2012च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे होते. 2019मध्ये ते सुमारे 3 लाख 40 हजारांवर आले. ही घट सगळ्यांना दिसते. पण जन्मून आठवड्याच्या आत गेलेलं शिंगरू कुठल्याच गणनेत येत नाही.

रेवती ही माझी पहिली घोडी. तिची पहिली शिंगरी कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून नाव चांदणी. दंडक मोडून मी तिला ते पहिल्या रात्रीच दिलं, कारण पाय फाकवत, पडत-झडत ती उभी राहिली तेव्हा मला राहवलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती मलूल वाटू लागली. कासेखाली उभी राहायची, आईच्या पोटाला तोंड घासायची, पण सड धरायची नाही. रेवतीची कास ताठ झाली होती, सडांतून दूध ठिबकत होतं आणि ते चांदणीच्या कपाळावर पडून त्या पांढऱ्या ठिपक्यावरच वाळलं होतं. येणारे-जाणारे म्हणत, "बघा, तोंड माखेपर्यंत प्यायली." ती खूण पोट भरल्याची नसते, उपाशीपणाची असते, हे तेव्हा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे चांदणी गेली.

यामागचं कारण पुढे पशुवैद्यकांकडून समजलं. माणसाचं मूल रोगाशी लढायची बरीचशी ताकद आईच्या पोटातूनच घेऊन येतं. घोडीच्या वारेतून ती शिंगरापर्यंत पोहोचत नाही. शिंगरू कोऱ्या अंगाने जगात येतं आणि त्याला हे संरक्षण मिळतं ते पहिल्या चिकातून. तेही पहिल्या काही तासांतच, कारण आतड्यातली ती वाट साधारण चोवीस तासांत बंद होते. नंतर कितीही दूध पाजलं तरी पोट भरतं, संरक्षण मिळत नाही. म्हणून घोडेवाल्याने तीन गोष्टी घड्याळ लावून बघायच्या. शिंगरू तासाभरात उभं राहिलं का, दोन तासांत प्यायलं का आणि तीन तासांत घोडीची वार पडली का. यातलं एकही चुकलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

आता माझ्या फ्रीझरमध्ये चिकाची बाटली ठेवलेली असते. एखाद्या घोडीला चीक भरपूर असला की तिचं शिंगरू पिऊन झाल्यावर थोडा काढून ठेवतो. तो उकळायचा नाही, कोमट पाण्यात बाटली धरून वितळवायचा. पहिला दिवस सरता सरता शिंगराचं रक्त तपासून घेतलं की संरक्षण पोहोचलं की नाही ते कळतं. कमी पडलं असेल तर रक्तद्रव्य देऊन भरून काढता येतं. या साध्या गोष्टींनी पुढच्या वर्षांत माझी शिंगरं वाचवली. शेजारच्या गावातलीही वाचली, कारण ती बाटली कुणाच्याही घोडीसाठी आहे.

चांदणी गेली तेव्हा वडीलधाऱ्यांनी ती लगेच उचलायला लावली. रेवती दोन दिवस दावं ताणून खिंकाळत होती, वैरणीला तोंड लावत नव्हती. पुढे असा प्रसंग आला तेव्हा एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेलेलं शिंगरू काही तास घोडीजवळच राहू दिलं. तिने हुंगलं, खुराने हलकेच ढोसलं, कितीतरी वेळ मान खाली घालून उभी राहिली आणि मग स्वतःहून बाजूला होऊन पाणी प्यायली. शोधत फिरणं नाही, खिंकाळणं नाही. जनावराला मरण कळत नाही असं म्हणणाऱ्याने ते तास बघायला हवे होते.

सगळ्यात जास्त झुंज दिली ती सुलतानने. तांबड्या रंगाचा, चारही पाय पांढरे, तोंडावर पट्टा, म्हणजे अस्सल पंचकल्याण. चीक वेळेवर प्यायला, आठवडाभर अंगणात उधळला. मग एके सकाळी पुढच्या पायावर भार टाकेना, गुडघा गरम आणि फुगलेला. "मुरगळला असेल, तेल चोळा," असा सल्ला चहूबाजूंनी आला. पण लहान शिंगराचं लंगडणं मुरगळ समजून कधीही सोडून देऊ नये. नाळेतून शिरलेला जंतू रक्तातून सांध्यात जाऊन बसतो आणि तासागणिक सांधा खातो. डॉक्टर दुरून येत राहिले, सांधा धुतला, इंजेक्शनं चालू राहिली. सुलतानला उठता येत नव्हतं, पण चंदीची बादली वाजली की पडल्या पडल्या कान टवकारायचा. आत वळलेल्या त्या मारवाडी कानांची टोकं एकमेकांना टेकायची. जंतू दुसऱ्या सांध्यात उतरला आणि त्यापुढे त्याला तसंच ठेवणं म्हणजे केवळ यातना होत्या. डॉक्टरांनी त्याला शांतपणे निरोप दिला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानंतर नाळ औषधात बुडवण्याचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलेलं नाही. पहिले काही दिवस रोज, न चुकता.

मीराची गोष्ट वेगळी. तिची आई व्याल्यावर थोड्याच दिवसांत पोटशुळाने गेली. पोरक्या शिंगराला सांभाळायला दुसरी दुभती घोडी मिळाली नाही, म्हणून शेळीच्या दुधावर वाढवायचं ठरलं. दर दोन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. घरातलं प्रत्येक माणूस त्या पाळीला लागलं. मीरा शेळ्यांच्या मागे बांधाबांधाने हिंडायची. पण माणसांत आणि शेळ्यांत वाढलेल्या शिंगराला घोड्यांची रीत कळत नाही, म्हणून तिला रोज रेवतीसोबत सोडत गेलो. रेवतीने तिला कासेला कधी लावलं नाही, पण चावरेपणाला जागच्या जागी लगाम घातला. मीरा जगली आणि आज तिचीच वेतं माझ्या वहीत आहेत.

जगलेली शिंगरंही आपल्याकडे राहत नाहीत. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन माणसं घोडेबाजारात शिरतात. गिऱ्हाईक दात बघतं, अंगावरचे भोवरे तपासतं, रेवाल चाल चालवून बघतं. मागची भावंडं कशाने गेली हे कुणी विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही. सौदा ठरतो, मोरखी दुसऱ्याच्या हातात जाते. पैसे हातात असतात, ते लागतातही, तरी परतीच्या वाटेवर गाडीत मागे कुणी पाय आपटत नाही याची सवय मला अजून झालेली नाही. विकलेल्या बछेऱ्याची खबर मात्र मिळू शकते. मी मालकाचा नंबर घेतो, वर्षातून एकदा विचारपूस करतो. बहुतेकांना त्याचं बरंच वाटतं.

2020मध्ये कोरोनाने यात्रा झालीच नाही. लग्नाच्या वराती बंद, त्यामुळे वरातीच्या घोड्यांना गिऱ्हाईक नाही. विकायला काढलेली बछेरी दावणीलाच राहिली आणि दाण्या-वैरणीचा खर्च अंगावर आला. ओळखीतल्या काहींनी तेव्हाच घोडी मोडली, ती पुन्हा घेतली नाही. भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली, याचा आनंद मोठा आहे. पण भीमथडी असो की मारवाडी, जात टिकते ती मेंढपाळाच्या वाड्यावर आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात. असा एक गोठा बंद झाला की त्यातली नुकसान सोसून मिळालेली माहितीही बंद होते.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक शिंगराला जन्मल्या रात्री एक पान मिळतं आणि पानाच्या डोक्यावर नाव. खाली वेळा: उभं कधी राहिलं, प्यायलं कधी, पहिली काळी लीद कधी पडली, ताप किती. गेलेल्यांची पानंही तशीच आहेत, कारणासकट. जुने लोक माया आवरून धरायचे, म्हणजे दुःख आवरता येईल. पण माया आवरली की लक्षही आवरतं. नाव नसलेलं शिंगरू मलूल दिसलं तर माणूस म्हणतो, बघू सकाळी. नाव असलेल्यासाठी तो रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उठतो, कासेला हात लावून बघतो, थर्मामीटर शोधतो. पहिल्या आठवड्यातलं शिंगरू याच उठण्यावर जगतं. ते गेलं तर दुःख होतंच, नाव ठेवलं काय, न ठेवलं काय.

सारंगखेड्याला रात्री शेकोटीभोवती घोड्यांच्या किमतींच्या गप्पा रंगतात. तिथे बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की यंदा गेलेल्यांबद्दलही बोलू या. कोणतं शिंगरू, कितव्या दिवशी, कशाने, हे नावानिशी सांगू या. ज्याच्या घोडीला या फाल्गुनात पहिलं वेत होणार आहे, त्याच्या ते कामाला येईल.