संगणकातील ‘लाइन क्लिअर’

भुसावळ हे जंक्शन आहे म्हणजे काय, हे खानदेशातील शाळकरी मुलासही समजावून द्यावे लागत नाही. मुंबईहून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपुराकडे जातो, दुसरा इटारसीकडे. अशा ठिकाणी गाडी सिग्नलाबाहेर उभी राहिली, की उतारू ड्रायव्हराच्या नावाने बोटे मोडू लागतात. वस्तुतः पुढचा मार्ग मोकळा नसता थांबणे हा ड्रायव्हराचा दोष नव्हे, धर्म होय. संगणकाच्या पोटातही हाच प्रकार घडतो, आणि तेथेही निरपराध्यासच बोल लागतो.

संगणकाचा सर्व कारभार ज्या मूळ कार्यक्रमाकडे असतो, त्यास कर्नेल म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी १९९१ साली आरंभिलेले ‘लिनक्स’ हे कर्नेल आज अँड्रॉइड फोनांत व घराघरांतील कितीतरी उपकरणांत वावरते आहे. पडदा, ध्वनियंत्र, कॅमेरा अशा प्रत्येक अवयवासाठी कर्नेलात एक स्वतंत्र कार्यक्रम नेमलेला असतो. त्याचेही नाव ड्रायव्हरच! यंत्र सुरू होताना कर्नेल अवयव व ड्रायव्हर ह्यांची गाठ घालून देते, आणि ड्रायव्हर आपल्या अवयवाची चाचपणी करतो. ह्या चाचपणीस ‘प्रोब’ असे म्हणतात.

आता मेख अशी, की कोणताही अवयव स्वयंपूर्ण नसतो. पडद्यास वीज देणारे एक यंत्र, ठोका देणारे दुसरे, आणि त्यास जागे करणारी तार तिसऱ्याच्या हाती. हे पुरवठादार आधी सिद्ध झाले तरच पडदा उजळावयाचा. फोनांत व छोट्या संगणकांत कोण कोणावर अवलंबून आहे, ह्याची वंशावळ ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या टिपणात लिहिलेली असते.

पूर्वी ड्रायव्हरांचा क्रम बव्हंशी हाताने जुळवावा लागे. २०१२ साली लिनक्सच्या ३.४ ह्या आवृत्तीत एक सुटसुटीत तोड निघाली. पुरवठादार सिद्ध नाही असे दिसताच ड्रायव्हराने ५१७ हा ठरावीक अंक कळवून माघार घ्यावी. कर्नेलाने त्या अवयवाचे नाव प्रतीक्षायादीत टिपावे. आणि दुसरा कोणताही ड्रायव्हर यशस्वी झाला, की यादीतील सर्वांस पुन्हा एकवार संधी द्यावी. म्हणजे ५१७ ही चूक नव्हे, ‘अजून लाइन क्लिअर नाही’ एवढाच तो निरोप.

परंतु पुरवठादार कधी आलाच नाही तर? मग ग्राहक निमूटपणे थांबून राहतो. पडदा काळा, आणि तक्रारीचा शब्दही कोठे उमटेलच असे नाही. अननुभवी माणूस अशा वेळी पडदाच बदलावयास निघतो, पैसे दवडतो, आणि नवा पडदाही काळाच राहतो! काही जण ड्रायव्हरात दोन क्षणांचा विलंब घुसडतात. त्याने आज काम भागते. उद्या यंत्र थोडे मंद चालले, की दोष पुन्हा वर येतो.

शोधाची खरी रीत निराळी आहे. २०१८ पासून कर्नेल आपली प्रतीक्षायादी ‘डिव्हायसेस डिफर्ड’ नावाच्या फायलीत दाखविते. २०२० नंतर पुष्कळदा थांबण्याचे कारणही तेथे वाचावयास मिळते. त्यातील नाव घ्यावे, टिपणात त्याचे पुरवठादार पाहावे, आणि प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारावे: तो टिपणात चालू म्हणून नोंदला आहे काय? त्याचा ड्रायव्हर कर्नेलात घातला आहे काय? आणि तो ड्रायव्हर वेगळ्या फायलीत असल्यास, ती फाइल अद्याप न उघडलेल्या डिस्कवरच तर नाही ना? पुरवठादारही थांबलेलाच आढळला, तर त्याच्या पुरवठादाराकडे जावे. साखळीच्या शेवटच्या कडीशी अपराधी सापडतो.

कधी कधी मात्र साखळीस शेवटच नसतो. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा विचार करा. विजेसाठी कोळसा हवा, कोळशासाठी आगगाडी हवी, आणि तिच्या विजेवरील इंजिनास पुन्हा वीज हवी! इतर केंद्रांची वीज जाळ्यातून मिळते, म्हणून हे चक्र अडत नाही. कर्नेलातही पडद्याच्या एका भागास ठोका देणारे यंत्र, आपल्या एका ठोक्यासाठी उलट त्याच भागावर विसंबलेले आढळते. २०२० च्या सुमारास आलेली व २०२१ साली ५.१३ ह्या आवृत्तीत सर्वत्र चालू झालेली ‘एफडब्ल्यू डेव्हलिंक’ ही योजना टिपण आधीच वाचून पुरवठादार व ग्राहक ह्यांची नाती जोडते, आणि असे चक्र दिसल्यास त्यातील आग्रह सैल करते. परंतु टिपणात एखादा अनावश्यक पुरवठादार नोंदलेला असला, तर हीच योजना ग्राहकास विनाकारण अडवून धरते. अशा वेळी ती योजना ‘परमिसिव्ह’, म्हणजे सौम्य, करून यंत्र सुरू करावे. अवयव चालू झाला, तर दोष ड्रायव्हरात नसून जोडलेल्या नात्यात आहे, असा तर्क करण्यास बळकट आधार मिळतो.

तात्पर्य, जो थांबला त्यास दोष देण्यापूर्वी तो कोणासाठी थांबला आहे हे विचारावे. यंत्रदुरुस्तीतील निम्मे शहाणपण ह्या एका प्रश्नात साठविलेले आहे.