ताटलीत हात घालू नका

भिलाईच्या सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये कुत्रं खाताना गुरगुरतं म्हटलं, की शेजारून सल्ला ठरलेला: 'मध्येच ताटली काढून घ्या, मालक कोण ते कळू दे त्याला!' घर मराठी असो वा छत्तीसगढी, सल्ला हाच. तो साफ चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं चावून घेतात.

या समजुतीला बळ मिळालं ते लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं, त्यातून कळपावर हुकमत गाजवणारा 'म्होरक्या' ही कल्पना रुजली. डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकानं ती घरोघरी पोचवली. त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. सल्ला देणाऱ्यांपर्यंत हे अजून पोचलेलं नाही!

कुत्रं ताटली राखतं ते हिसकावली जाईल या धास्तीनं. आधी अंग ताठरतं, मान ताटलीवर झुकते, घास भराभर जातात, डोळ्यांची पांढरी कड दिसते. मग गुरगुर. अशा वेळी ताटली ओढलीत, की त्याची धास्ती तुम्हीच खरी ठरवता. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०१८च्या पाहणीत, जेवताना भांडं काढून घेणाऱ्यांकडे हे वर्तन जास्त आढळलं. भांड्यात चविष्ट तुकडा टाकणाऱ्यांकडे कमी.

मग करायचं काय? कुत्रं निवांत खात राहील एवढ्या अंतरावरून उकडलेल्या चिकनचा तुकडा फेका आणि मागे फिरा. रोज असंच. तुम्ही दिसताच ते आशेनं मान वर करू लागलं, तरच अर्धं पाऊल पुढे. अंग ताठरलं, तर पुन्हा मागे. तोंडातलं हाडूक हवं असेल, तर त्याहून चांगलं काही देऊन अदलाबदल करा.

गुरगुरल्याबद्दल मारू नका. इशारा बंद होतो, चावा नाही. कच्च्या मांसानं कुत्रं हिंस्र होतं, हेही खरं नाही. रस्त्यावरून आणलेलीच कुत्री ताटली राखतात असंही नाही, जातिवंतही राखतात. शांत कुत्र्यानं अचानक असं सुरू केलं, तर दुखणं असू शकतं; पशुवैद्याला दाखवा. चावे घेत असेल, तर घरी प्रयोग नकोतच.

लहान मुलांना ताटलीजवळ फिरकू देऊ नका. दात लागलेच, तर जखमेत हळद-तिखट भरू नका; वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. कुत्रं घरचं असलं, तरीही.