देवी खाली उतरली, निशाण वरच राहिलं

नायगाव पूर्वेला जूचंद्रची चंडिका टेकडीवर आहे. पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, खालची मिठागरं बघत दम खायचा. देव वर, माणूस खाली, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. बापाणे फाट्याला महामार्ग धरून मनोर, चारोटी मागे टाकलं, की विवळवेढ्याला मात्र हा हिशेब उलटतो.

तिथे रानातून एक काळा सुळका थेट आभाळात घुसलेला दिसतो. मुसळ्या डोंगर. घरात मुसळ पाहिलेल्याला नावाचं कोडं पडत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून दख्खनचा दगड झाला. ठिसूळ भाग पावसाने धुऊन नेला, चिवट तेवढा उभा राहिला. भूशास्त्र एवढं पुरे. इथल्या आदिवासींच्या लेखी हे डहाणूच्या महालक्ष्मीचं मूळ ठाणं आहे.

मग देऊळ पायथ्याशी कसं? सांगतात, एक गरोदर भक्तीण देवीच्या ओढीने डोंगर चढत होती. अर्ध्या वाटेत तिला चढवेना, तेव्हा देवीच उतरून खाली आली. बाळंतपणाच्या कळा ओळखणारी देवी! शिखर गाठल्याचे फोटो काढणाऱ्या आम्हा शहरवाल्यांनी ही गोष्ट जरा सावकाश ऐकावी.

सुळका मात्र सुटला नाही. चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीच्या सातवी घराण्यातला पुजारी निशाण आणि पूजेचं साहित्य घेऊन निघतो आणि अंधारातच वर ध्वज लावतो. हे निशाण येतं जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून, म्हणजे महादेव कोळी राजांकडून. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. निशाणाचा मान राहिला.

पवित्र डोंगरावर कुणी चढावं, हा प्रश्न दुसरीकडेही पडला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला उलुरू खडक सरकारने 1985 मध्ये तिथल्या अनांगू लोकांच्या नावावर परत केला. त्यावर चढू नका, ही त्यांची विनवणी पर्यटकांच्या कानी शिरायला 2019 उजाडलं; तेव्हा कुठे चढाई बंद झाली. मुसळ्या डोंगरावर तसा फलक लावावा लागला नाही. सगळ्यांच्या वतीने एकजण चढतो, बाकीच्यांसाठी देवी खाली आहेच.

पितृबारसेला आदिवासी शेतातली नवी काकडी, भाजी आधी तिच्यापुढे ठेवतात. चैत्रातली यात्रा मात्र पंधरवडाभर चालते. पहिल्या सकाळी लोक मान वर करून निशाण लागलंय का ते बघतात आणि मग सुक्या मासळीच्या दुकानांकडे वळतात.