पाटी एकाची, आवाज दुसऱ्याचा

विमानतळाच्या धावपट्टीलगत, गवताच्या कडेला, गुडघाभर उंचीच्या पाट्या उभ्या असतात. त्यांची भाषा मोजकी आणि जगभर सारखी आहे. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर असेल तर वैमानिक सध्या त्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या रस्त्यावर, आहे. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण असेल तर तो रस्ता पुढे त्या बाजूला आहे. लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की पुढे धावपट्टी आहे, टॉवरच्या परवानगीशिवाय चाक पुढे सरकवायचं नाही. तिथेच जमिनीवर दोन अखंड आणि दोन तुटक अशा पिवळ्या रेघा आखलेल्या असतात आणि अखंड रेघांच्या बाजूने येणाऱ्याने थांबायचं असतं. धावपट्टीचा आकडा चुंबकीय दिशेवरून ठरतो. मुंबईची 27 म्हणजे जवळपास 270 अंश, पश्चिमेकडे. तीच पट्टी उलट दिशेने वापरली की 09 होते. टॅक्सीवेच्या नावांतून आय, ओ आणि एक्स ही इंग्रजी अक्षरं वगळली आहेत, कारण पहिली दोन एक आणि शून्यासारखी दिसतात आणि तिसरं बंद रस्त्याच्या फुलीसारखं. इतका बारीक विचार या पाट्यांमागे आहे. पण पाटी एकटी पुरत नाही. तिच्यावरचं नाव कंट्रोलर रेडिओवर उच्चारतो, वैमानिक ते परत म्हणून दाखवतो, ज्याला रीडबॅक म्हणतात, आणि मग समोरच्या पाटीशी ताडून पाहतो. हा आवाज अनेक ठिकाणी एका संस्थेचा असतो आणि पाटी दुसरीची. जमिनीवरच्या काही मोठ्या अपघातांचं मूळ या दोन संस्थांमधल्या फटीत आहे, असं माझं मत आहे.

मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 च्या सकाळी दाट धुकं होतं. एका लहान सेसना जेटला कंट्रोलरने रोमिओ 5 या टॅक्सीवेने उत्तरेकडे जायला आणि मुख्य धावपट्टीच्या विस्ताराआधीच्या स्टॉप बारपाशी, म्हणजे थांब्यावरच्या लाल दिव्यांच्या ओळीपाशी, कळवायला सांगितलं. वैमानिकाच्या रीडबॅकमध्ये ‘उत्तरेकडे’ आणि ‘विस्तार’ हे दोन्ही शब्द गळाले. ते कोणी दुरुस्त केले नाहीत. विमान रोमिओ 6 वर वळलं, जो थेट चालू धावपट्टीकडे जातो. वाटेत वैमानिकाने जमिनीवर रंगवलेली खूण वाचली आणि आपण सिएरा 4 जवळ आहोत असं सांगितलं. हे त्याने बरोबर सांगितलं होतं. पण सिएरा 4 हे नाव कंट्रोलरकडच्या नकाशावर नव्हतं. ती खूण जुन्या, कधीच पूर्ण न झालेल्या एका योजनेतून राहून गेली होती. विमान चुकीच्या जागी आहे हे सांगणारं एकमेव वाक्य बोललं गेलं, ऐकलं गेलं आणि निरर्थक ठरलं. थोड्याच वेळात उड्डाणासाठी धावणारं एसएएस कंपनीचं एमडी-87 विमान सेसनावर आदळलं. दोन्ही विमानांतले 114 आणि सामानाच्या इमारतीतले 4, असे 118 जण गेले. जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं रडार काढून टाकलेलं होतं आणि नवं अजून चालू झालेलं नव्हतं. विमानतळ चालवणारी कंपनी वेगळी, आवाज देणारी संस्था वेगळी आणि देखरेख करणारी तिसरीच. रंग कोणी दिला आणि नकाशा कोणी छापला, हे जुळवून पाहणं कोणाच्याच कामात नव्हतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रोमिओ 6 वर लाल दिव्यांची ओळ होती आणि ती ओलांडून वैमानिक पुढे गेला. शिवाय इतक्या कमी दृश्यमानतेत विमान चालवण्याची पात्रताही त्या वैमानिकांकडे नव्हती. मग दोष त्यांचाच नाही का? दोष होता, तो मी नाकारत नाही. पण ती लाल ओळ टॉवरमधून चालू-बंद करता येत नव्हती, त्यामुळे दिवा आणि आवाज यांचं नातं तिथेही तुटलेलं होतं. स्टॉप बारचा खरा अर्थ असा, की परवानगीचे शब्द आणि दिवा विझणं एकाच वेळी घडावं. दिवा पेटलेला असेल तर तोंडी परवानगी मिळूनही पुढे जायचं नाही. शिवाय माणूस चुकणारच, हे धरूनच ही व्यवस्था रचली आहे. सिएरा 4 नकाशावर असतं, तर त्या वैमानिकाची चूक त्याच्याच तोंडून उघड झाली असती.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: आता कॉकपिटमध्ये हलता नकाशा असतो आणि टॉवरमध्ये इशारा देणारा पडदा. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर असा पडदा होता, त्यावर इशाराही आला, पण तो लक्षात आला नाही. तटरक्षक दलाच्या विमानाला सी-5 या थांब्यापर्यंत यायला सांगताना कंट्रोलरने ‘नंबर वन’ म्हटलं, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला. कॅप्टनने धावपट्टीवर शिरायची परवानगी मिळाली असं धरलं आणि विमान आत नेलं. तिथला स्टॉप बार देखभालीच्या कामामुळे बंद होता. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्यावर आदळलं. त्यातले 379 जण वाचले, तटरक्षक विमानातले पाच गेले. बंद दिव्याची उणीव त्या दिवशी शब्दांनी भरून काढायला हवी होती, आणि नेमका शब्दच संदिग्ध निघाला. पडद्यावरचा नकाशासुद्धा त्याच नावांवर चालतो, म्हणून नावं जुळलेली नसतील तर पडदाही चुकीचंच दाखवेल.

शब्द इतके बांधून घेतले तर गर्दीच्या विमानतळावर वेळ जातो, असंही म्हटलं जातं. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफला दोन जम्बो विमानांच्या टकरीत 583 माणसं गेली. तिथे ‘टेकऑफ’ हा शब्द एकाने सैलपणे वापरला, दुसऱ्याने त्याचा वेगळा अर्थ घेतला. पॅन अॅमचं विमान धुक्यात धावपट्टीवरून चाललं होतं, त्याला तिसऱ्या वळणाने बाहेर पडायला सांगितलेलं होतं, आणि त्या वळणांवर पाट्याच नव्हत्या. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द फक्त उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. एका नीट रीडबॅकला काही सेकंद लागतात. हा खर्च मला मुळीच जास्त वाटत नाही.

आपल्याकडेही मालकी अशीच वाटलेली आहे. मुंबईत विमानतळ खासगी कंपनी चालवते आणि टॉवरमधला आवाज भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा असतो. पुण्यात लोहगावची धावपट्टी आणि नियंत्रण हवाई दलाकडे, प्रवासी इमारत प्राधिकरणाकडे. गोव्यात दाबोळीला नौदल आहे. या विभागणीत गैर काही नाही, पण जबाबदारीची एक जागा ठरलेली हवी. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ टप्प्याटप्प्याने वाढणार आहे, आणि प्रत्येक टप्प्यात नवे टॅक्सीवे, नवी नावं येतील. तिथल्या संचालकांना आणि प्राधिकरणाला माझी विनंती आहे: ज्या दिवशी जमिनीवर नवं अक्षर रंगवलं जाईल, त्याच दिवशी ते टॉवरच्या नकाशात चढवा, आणि जुनं अक्षर त्याच रात्री खरवडून काढा.